रिपोर्ट निगेटिव्ह, तरी फंगलचं औषध कशाला? (वडील आयसीयूत असलेल्या ताईंना सविस्तर उत्तर)

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री राउंड संपवून वाचला, तेव्हा दोन ओळीत उत्तर देणार होतो पण मग वाटलं की यात चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते सोडवल्याशिवाय तुम्हाला झोप लागायची नाही. आधी मला समजलं ते सांगतो. वडील ६१ वर्षांचे, एएमएल हा रक्ताचा कॅन्सर, त्याची पहिलीच (इंडक्शन) किमो, आज सोळावा दिवस, पाच दिवसांपासून इथेच इंदूरला आयसीयूत. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १०० च्या खाली. मेरोपेनम या अँटिबायोटिकचा सहावा दिवस तरी ताप १०२. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) दोनदा निगेटिव्ह, थुंकीत मात्र कॅन्डिडा ही बुरशी आली. डॉक्टर म्हणतात फंगलचं महागडं इंजेक्शन सुरू करू, भाऊ म्हणतो रिपोर्ट निगेटिव्ह तर कशाला, मामा म्हणतात हे हॉस्पिटलनेच दिलंय, मुंबईला हलवा. आणि तुम्हाला स्वतःला भीती की हे कोरोनातलं ब्लॅक फंगस तर नाही.

मी एकोणीस वर्षं आयसीयूत काम करतोय, त्यातली बरीचशी कॅन्सरच्या पेशंटसोबत. पण तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, त्यांचा सीटी पाहिलेला नाही, त्यामुळे "हे द्या, ते बंद करा" असं मी सांगणार नाही. आम्ही विचार कसा करतो तेवढं सांगतो, म्हणजे उद्या तुमच्या डॉक्टरांशी बोलताना काय विचारायचं ते कळेल.

भावाच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सगळेच विचारतात. ताप आला की शरीरात कुठेतरी खूण दिसते, घसा लाल होतो, एक्सरेत डाग येतो, जखमेत पू होतो. पू म्हणजे काय, तर आपल्याच पांढऱ्या पेशी लढून मेलेल्या. आता न्यूट्रोफिलच नाहीत तर पू होणार कुठून आणि एक्सरेत डाग तरी कशाचा दिसणार? चौकीत शिपाईच नसेल तर चोरीची नोंद करणार कोण? अशा पेशंटमध्ये ताप ही कित्येकदा एकमेव खूण असते. आणि ब्लड कल्चरचं म्हणाल तर कॅन्डिडा शरीरात खोल पसरलेला असूनही जवळपास निम्म्या वेळा कल्चर निगेटिव्ह येतं. अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशी तर रक्ताच्या बाटलीत जवळजवळ उगवतच नाही, ब्लॅक फंगसचा म्युकरही नाही. म्हणजे भावाच्या हातातला तो निगेटिव्ह कागद फार तर एवढंच सांगतो की बाटलीत काही वाढलं नाही.

उलट थुंकीतला कॅन्डिडा, ज्याने तुम्ही घाबरलात, त्याला मी फारसं महत्त्व देत नाही. तो तोंडात, आतड्यात आपल्या सगळ्यांच्याच असतो, दणकट अँटिबायोटिक्स सहा दिवस चालली की बाकीचे जंतू मरतात आणि याला मोकळं रान मिळतं, मग थुंकीत, कधी लघवीच्या नळीतही दिसतो. कॅन्डिडाचा खरा न्यूमोनिया अत्यंत दुर्मिळ आहे. नुसत्या थुंकीच्या रिपोर्टवर कोणी फंगलचं औषध सुरू करत असेल तर मीही कारण विचारेन. पण इथे कारण थुंकी नाहीये. कारण हे आहे की न्यूट्रोफिल शंभराच्या खाली गेलेत आणि ताप चांगल्या अँटिबायोटिकवर ४ ते ७ दिवसांत उतरलेला नाही. जगभर हाच टप्पा धरतात, इथून पुढे फंगलची शक्यता इतकी वाढते की पुराव्याची वाट पाहणं महागात पडतं. सात-आठ दिवसांपेक्षा जास्त काळ काउंट (न्यूट्रोफिलची संख्या) तळाला राहिले की धोका चढतच जातो, आणि एएमएलच्या इंडक्शनमध्ये ते दोन-तीन आठवडे राहतात. म्हणून बरेच जण पहिल्यापासूनच पोसाकोनाझोल हे फंगलचं औषध प्रतिबंधासाठी देतात. तुमच्या वडिलांना ते चालू होतं का हे विचारा. त्याने पुढचं बरंच काही बदलतं.

आता "फंगल" हा एकच आजार असल्यासारखा शब्द आपण वापरतो तिथेच घोळ होतो. आयसीयूत आम्हाला मुख्यतः तीन जणांशी सामना असतो आणि तिघांची औषधं वेगळी.

पहिला कॅन्डिडा. हा बहुतेक वेळा पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातून रक्तात शिरतो, किमोने आतड्याचं अस्तर सोललं जातं ना, तिथून. नाहीतर सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून. भारतातल्या २७ आयसीयूंचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, १४०० पेशंटचा, त्यात हजार भरतीमागे साडेसहाच्या आसपास पेशंटना रक्तात कॅन्डिडा सापडला होता आणि सगळ्यात जास्त होती त्याची ट्रॉपिकालिस ही जात, पुस्तकात पहिल्या नंबरावर असतो तो अल्बिकन्स नव्हे. इथे कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, अ‍ॅनिडुलाफंजिन या गटाची औषधं पहिली. किडनीला बरीच सौम्य आहेत. पण डोळ्यात, मेंदूत आणि लघवीत नीट पोचत नाहीत हे लक्षात ठेवायचं.

दुसरा अ‍ॅस्परजिलस. हा हवेतला. स्पोअर (बुरशीचे बीजकण) दोन-तीन मायक्रॉनचे, श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या टोकाला जातात. तुम्ही-मी रोज घेतो आणि आपल्या पेशी ते साफ करून टाकतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. इथे व्होरिकोनाझोल मुख्य. २००२ मध्ये त्याची जुन्या अ‍ॅम्फोटेरिसिन या औषधाशी तुलना झाली तेव्हा बारा आठवड्यांनी जिवंत असलेले ७१ टक्के विरुद्ध ५८ टक्के निघाले, तेव्हापासून ते पहिल्या नंबरावर आहे, आता आयसॅव्हुकोनाझोलही त्याच्या बरोबरीने वापरतात.

तिसरा म्युकर, तुमची भीती. व्होरिकोनाझोल त्याच्यावर चालत नाही, कॅस्पोफंजिन एकटं चालत नाही, लागतं लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म थेंबांत गुंडाळलेलं) अ‍ॅम्फोटेरिसिन आणि जमेल तिथे सर्जरी. २०२१ च्या उन्हाळ्यात एमवाय या सरकारी हॉस्पिटलचे वॉर्ड या पेशंटनी भरले होते ते इंदूरमध्ये कोणी विसरलेलं नाही, पण ते चित्र जरा वेगळं होतं. ते बहुतेक डायबेटिसचे, स्टेरॉइड घेतलेले, नाक-डोळ्यापासून सुरू झालेले. ल्युकेमियाच्या पेशंटमध्ये म्युकर जास्त करून फुप्फुसात येतो, म्हणजे चेहरा साफ दिसतो म्हणून निश्चिंत होता येत नाही. तरी गालात दुखणं, एका डोळ्याची पापणी सुजणं, दोन-दोन दिसणं, नाकात किंवा टाळूवर काळी खपली, यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला सांगा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका. वडिलांना शुगर आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये. असेल तर धोका वाढतो.

एकदा रात्री अडीचला मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी मला खाली बोलावून घेतलं होतं, ब्रॉन्कोस्कोपीचं (फुप्फुसात नळी घालून काढलेलं) पाणी त्यांनी केओएचमध्ये (बुरशी दिसावी म्हणून वापरायचं रसायन) लावलं होतं. सीटी बघून आम्ही सगळे अ‍ॅस्परजिलस धरून चाललो होतो, व्होरिकोनाझोलचे चार दिवस झाले होते. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर रुंद, पापुद्र्यासारखे, सुरकुतलेल्या फितीसारखे धागे, मध्ये पडदे जवळजवळ नाहीत आणि फांद्या काटकोनात फुटलेल्या. अ‍ॅस्परजिलस असता तर बारीक, सरळ, नीट पडदे असलेला आणि इंग्रजी वायसारखा फाटे फुटलेला दिसला असता. दोन मिनिटांचं काम होतं ते, त्याच रात्री औषध बदललं. तेव्हापासून मी "फंगल दिसतंय" एवढ्यावर कधीच थांबत नाही, कुठला हे विचारतो. तुम्हीही हाच प्रश्न विचारा: "डॉक्टर, तुम्ही नेमकं कुठलं फंगस मनात धरून हे औषध देताय, आणि काय दिसलं तर बदलाल किंवा बंद कराल?" ज्याने विचार केलाय तो डॉक्टर या प्रश्नावर चिडणार नाही, उलट खुर्ची ओढून बसेल.

त्यासाठी काय तपासण्या हव्यात? पहिली, छातीचा सीटी. एक्सरे नव्हे. एक्सरे साफ असताना सीटीत गाठी दिसलेले पेशंट मी मोजायचे सोडून दिलेत. गाठीभोवती धुरकट कडं असेल तर अ‍ॅस्परजिलसचा संशय, उलट मध्ये धुरकट आणि बाहेर घट्ट कडं असेल तर म्युकरचा. दोन्ही शंभर टक्के नाहीत, पण दिशा मिळते. दुसरी, रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन, ते अ‍ॅस्परजिलससाठी, ०.५ च्या वर गेलं की आम्ही कान टवकारतो. म्युकरमध्ये ते निगेटिव्हच असतं, आणि पोसाकोनाझोल आधीपासून चालू असेल तर अ‍ॅस्परजिलस असूनही निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून मगाशी म्हटलं ते विचारा. तिसरी बीटा-डी-ग्लुकन, ही जरा भांडखोर टेस्ट आहे, अल्ब्युमिन दिलं, डायलिसिस झालं की खोटीच पॉझिटिव्ह येते, आणि म्युकर तिच्यातही दिसत नाही. सीटीत काही असेल आणि ऑक्सिजन परवानगी देत असेल तर ब्रॉन्कोस्कोपी, पण प्लेटलेट १०-१५ हजार असताना आणि श्वास आधीच लागलेला असताना ती कोणी टाळली तर त्याला निष्काळजी म्हणू नका. तो निर्णय पलंगाशी उभा असलेला माणूसच घेऊ शकतो.

खर्चाचं. तुम्ही लिहिलंय की दिवसाचा आकडा ऐकून पाय लटपटले. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनची व्हायल ५० मिलिग्रॅमची येते. संशयावर देताना साधारण किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०, चार व्हायली. म्युकर असेल तर किलोला ५ किंवा जास्त, म्हणजे सहा व्हायली, रोज, आणि तेही कित्येक आठवडे. जुनं साधं अ‍ॅम्फोटेरिसिन स्वस्त आहे, पण ते किडनीवर काय करतं ते मी पाहिलंय आणि ते देताना थंडी कशी वाजते तेही. ड्रिप सुरू होऊन तासाभरात पेशंट असा कापायला लागतो की पलंगाचा कठडा खडखड वाजतो, तीन ब्लँकेट घातली तरी दात वाजतात, नातेवाईकाला वाटतं आता संपलं. नर्स इंजेक्शन देते, ड्रिप हळू करते, अर्ध्या तासात शांत होतो. लायपोसोमलमध्ये हे बरंच कमी. दोन्हीत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जातं, ते रोज बघावं लागतं. (एक बारकी गोष्ट, हे औषध सलाइनमध्ये मिसळत नाहीत, फाटतं, फक्त पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. तुम्हाला त्याचा उपयोग नाही पण आमच्या नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी पाठ करून घ्यायला लावतो.)

खर्च कमी करायचा खरा रस्ता म्हणजे नेमकं निदान लवकर करणं. सीटी साफ, गॅलॅक्टोमॅनन दोन-तीनदा निगेटिव्ह, काउंट वर आले, ताप गेला, तर औषध थांबवता येतं, बरेचदा आम्ही थांबवतोही. रक्तात कॅन्डिडा निघाला तर पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून १४ दिवस मोजायचे, शक्य असेल तर सेंट्रल लाइन काढायची आणि डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा, न्यूट्रोफिल नसताना पडद्यावरही काही दिसत नाही म्हणून ती तपासणी काउंट वर आल्यावर परत करायची. हे शेवटचं लोक हमखास विसरतात.

मामांचं म्हणणं, हॉस्पिटलने दिलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर कधी हो, कधी नाही. कॅन्डिडा बहुतेकदा स्वतःचाच. अपवाद कॅन्डिडा ऑरिस, हा २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात पहिल्यांदा सापडला, ऑरिस म्हणजे कानच. तो पलंगाच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर, लोकांच्या हातावर टिकून राहतो, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातो आणि फ्लुकोनाझोल या नेहमीच्या फंगल औषधाला तर जवळजवळ कधीच दाद देत नाही. डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये सगळ्यात धोकादायक बुरशींची यादी काढली त्यात वरच्या चारांत हा आहे. तो निघाला तर मात्र आयसीयूकडे बोट दाखवायला जागा आहे, हात धुणं आणि लाइनची काळजी कुठेतरी कमी पडली. मी ज्या-ज्या ठिकाणी काम केलं तिथे कुठेच हे शून्यावर आलेलं पाहिलं नाही, आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही.

अ‍ॅस्परजिलसचं मात्र सांगता येत नाही. तो वॉर्डाशेजारच्या तोडफोडीतून येऊ शकतो, मेट्रोच्या खोदकामाच्या धुळीतून येऊ शकतो, आणि घरूनही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू भरतात, अंगणात चाळणी, सूप, सगळीकडे भुसा उडतोय आणि ज्यांचं निदान अजून व्हायचंय असे आजोबा खाटेवर बसून देखरेख करतायत, हे किती घरांत असेल. किंवा तो कूलर, मागच्या वर्षीचा गवताचा पॅड तसाच, फक्त पाणी ओतून सुरू केलेला. हे तुमच्या घरात झालं असं मी म्हणत नाहीये, आणि झालं असेल तरी तो तुमचा अपराध नाही, ल्युकेमिया व्हायच्या आधी त्याच हवेने त्यांना काही केलं नव्हतं. पण घरी आणाल तेव्हा पॅड नवीन टाका आणि गहू शेजारणीकडे साफ करा. कुंड्यांची माती उकरायला त्यांना देऊ नका. एका पेशंटचा मुलगा रंगपंचमीच्या गेरमधून (रंगांच्या मिरवणुकीतून) थेट आयसीयूच्या दारात आला होता, केसांतून गुलाल झडतोय आणि म्हणतो दोन मिनिटं बाबांना भेटतो फक्त. सिस्टरने त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुंबईला हलवायचं का? हे पूर्ण परिस्थितीवर आहे. मी स्वतःला विचारतो ते असं: ऑक्सिजन किती लागतोय, बीपीचं औषध चालू आहे का, आणि तिथे असं काय मिळणार आहे जे इथे नाही. रात्री सीटी होतो का, ब्रॉन्कोस्कोपी करणारा आहे का, म्युकर निघाला तर कापायला ईएनटी किंवा छातीचा सर्जन आहे का, गॅलॅक्टोमॅननचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो की दहा, फंगसची जात नीट ओळखणारी लॅब आहे का, आणि मुख्य म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा डॉक्टर रोज बघतोय का. यातलं बहुतेक असेल तर काउंट शून्यावर असलेल्या माणसाला सहाशे किलोमीटर अ‍ॅम्ब्युलन्समधून नेणं मला पटत नाही. पेशंट न हलवता सॅम्पल हलवता येतं, सीटीच्या फिल्म पाठवता येतात, मुंबईच्या डॉक्टरांशी इथल्या डॉक्टरांना फोनवर बोलायला सांगता येतं. यातलं काहीच नसेल तर मात्र आजच बोला, नंतर ऑक्सिजनची गरज वाढली की तो दरवाजा बंद होतो.

एक माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एएलएल (रक्ताचाच आणखी एक कॅन्सर) असलेल्या एका मुलाला व्हिनक्रिस्टिन हे किमोचं औषध चालू होतं आणि मी व्होरिकोनाझोल लावलं, दोन्ही यादीत वेगवेगळ्या पानांवर होती. आठवड्याने पोट फुगलं, आतडी थंड, मग पाय उचलता येईना. व्होरिकोनाझोलने व्हिनक्रिस्टिन शरीरात साठत गेलं होतं. मुलगा सावरला, पण पायाला कित्येक महिने लागले. तुमच्या वडिलांच्या किमोत व्हिनक्रिस्टिन नसणार, पण झोपेची गोळी, हृदयाची गोळी, वैद्यांचा काढा, जे काही घरी घेत होते त्याची यादी करून डॉक्टरांच्या हातात द्या.

आणि हे सगळं करूनही खरं औषध एकच, काउंट. न्यूट्रोफिल वर यायला लागले की बाजू पलटते. फक्त एक सांगून ठेवतो म्हणजे तेव्हा हादरणार नाही: पहिल्या आठवड्यात बरोबर औषध चालू असूनही सीटीतल्या गाठी मोठ्या दिसू शकतात, आणि काउंट वर येतात त्याच दिवसांत खोकला वाढू शकतो, कारण पेशी आत्ता कुठे लढायला पोचलेल्या असतात. नुसत्या त्या सीटीवरून औषध फेल गेलं असं ठरवायचं नसतं. खोकल्यातून रक्त आलं तर मात्र लगेच सांगायचं, कितीही थोडं असलं तरी.

व्होरिकोनाझोल सुरू झालं आणि बाबा म्हणाले की भिंतीवर रंग हलतायत किंवा कोपऱ्यात कोणीतरी बसलंय, तर डोकं फिरलं असं समजून रडत बसू नका. औषधाने होतं, नर्सला सांगा, रक्तातली पातळी तपासून डोस कमी करतात. माझे एक पेशंट, रामबागेतले निवृत्त मास्तर, तीन दिवस समोरच्या भिंतीवर दुसरीचा वर्ग घेत होते. डोस कमी केला तशी शाळा सुटली. सीटीचा रिपोर्ट आला की इथेच लिहा, नाव आणि यूएचआयडी (हॉस्पिटलचा पेशंट नंबर) झाकून.